नऊ जीबी आजोबा

बंद पडलेल्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क एका छोट्या डब्यात बसवता येते. पण ती चालू झाली म्हणजे काम झालं का? आळंदीतल्या एका शनिवार-रविवारची गोष्ट.

प्रत्येक घरात एक मेलेला लॅपटॉप असतो. कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या चादरीखाली, अंगाभोवती चार्जरची वायर गुंडाळून पडलेला. तो कुणी वापरत नाही आणि भंगारवाल्यालाही देत नाही. का, म्हणून विचारून बघा. उत्तर ठरलेलं, "अगं, त्यात फोटो आहेत!" म्हणजे फोटो आहेत म्हणून टाकायचा नाही आणि चालू होत नाही म्हणून फोटो बघायचे नाहीत. सगळं कसं एकदम सुरक्षित!

गंमत अशी, की लॅपटॉप मेला म्हणजे आतली हार्ड डिस्क मेली, असं बऱ्याचदा नसतं. मदरबोर्ड जातो, चार्जिंगचं सर्किट जळतं, स्क्रीन जाते. डिस्क बिचारी आत ठणठणीत असते, फक्त तिला वीज द्यायला आणि तिच्याशी बोलायला कुणी उरलेलं नसतं. ही दोन्ही कामं करणारा एक डबा बाजारात मिळतो. पुस्तकी नाव 'एन्क्लोजर', दुकानात मागायचं ते 'केसिंग'. डिस्क त्यात सरकवायची, वायर दुसऱ्या कॉम्प्युटरच्या यूएसबीला लावायची, की झाली पोर्टेबल हार्ड डिस्क तयार. नेत्रदानासारखंच म्हणा ना!

इथपर्यंतचं सगळं कुठल्याही व्हिडिओत पाच मिनिटांत दाखवतात. पण खरा मामला त्याच्यापुढे सुरू होतो, हे मला आळंदीत कळलं.

कॅसेट ते कॉम्प्युटर

आमच्या खानदानातला मेलेला लॅपटॉप आळंदीला, मामाच्या घरी होता. २०१२ मध्ये घेतलेला, विंडोज सेव्हनवाला, वजनाला पाटा. त्यात फोटो होतेच. पण फोटोंसाठी कुणाचं काही अडलं नव्हतं. त्यात आजोबा होते.

आजोबा कीर्तनकार. टीव्हीवर झळकणारे वगैरे नव्हेत. गावोगावच्या हरिनाम सप्ताहाचं बोलावणं आलं की एसटीनं जायचे, फेटा बांधून उभे राहायचे, नारळ घेऊन परत यायचे. मामा सोबत टेपरेकॉर्डर घेऊन जायचा. १९८४ ते १९९९ या काळातल्या त्याच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेट भरल्या १०६. म्हणजे २१२ बाजू. २००१ मध्ये आजोबा गेले. मी तेव्हा इतकी लहान होते, की मला त्यांचा फक्त खडबडीत हात आठवतो. आवाज नाही.

२०१३ मध्ये मामानं कमाल केली. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर काढून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली आणि 'ऑडॅसिटी' नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर एकेक बाजू उतरवून घेतली. कॅसेटचा एक नियम असतो. ती ऐकायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच उतरवायला लागतो. २१२ बाजू गुणिले पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे १५९ तास. नोकरी सांभाळून, रोज रात्री, माणूस बसला. सगळ्याच्या एमपीथ्री फाइली झाल्या, जेमतेम नऊ जीबी. आजकाल एखादा मोबाइल गेम याच्यापेक्षा जास्त जागा खातो.

मग कॅसेट माळ्यावर गेल्या. फितींना पांढरी बुरशी धरायला आधीच सुरुवात झाली होती, पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत त्या पार गेल्या. आजोबांची उरली ती एकच प्रत, लॅपटॉपमधली. आणि गेल्या पावसाळ्यात लॅपटॉपही बसला. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, मदरबोर्ड गेलाय, या मॉडेलचा बोर्ड मिळत नाही, डेटा काढायला डिस्क बाहेर पाठवावी लागेल आणि खर्च लॅपटॉपच्या किमतीच्या घरात जाईल. मामा तो पाटा तसाच उचलून घरी घेऊन आला.

आजीला जीबी-बिबी काही कळत नाही. ती त्र्याऐंशी वर्षांची आहे. ती फक्त अधूनमधून म्हणायची, "ह्यांचं कीर्तन लावा की रे एकदा." मग घरात सगळे एकदम गप्प व्हायचे.

दुकानात जाण्याआधी

केसिंग घ्यायला निघण्याआधी डिस्क बाहेर काढून हातात घ्यायची, हा पहिला फंडा. कारण केसिंग पायाच्या मापानं घ्यायच्या चपलेसारखं असतं. लॅपटॉपची डिस्क अडीच इंची, डेस्कटॉपची साडेतीन इंची. अडीच इंचीला यूएसबीतून येणारी पाच व्होल्टची वीज पुरते. साडेतीन इंचीला बारा व्होल्टही लागतात, म्हणून तिच्या केसिंगला वेगळा अडॅप्टर असतो. दुसरं, जोडणी. २००३ च्या सुमारास 'साटा' जोडणी आली. तिची दोन चपटी तोंडं असतात, एक छोटं डेटाचं आणि एक लांब विजेचं. त्याआधीच्या डिस्कना बारीक पिनांच्या दोन रांगा असतात, त्या 'आयडीई'. तिसरं, जाडी. बहुतेक लॅपटॉप डिस्क सात किंवा साडेनऊ मिलिमीटरच्या, आणि सातच्या केसिंगमध्ये साडेनऊची डिस्क जात नाही म्हणजे नाही.

तुमचा लॅपटॉप अलीकडचा असेल तर गोष्ट वेगळी. त्यात च्युइंगगमच्या पट्टीएवढी 'एम डॉट टू' एसएसडी असते, तिचं केसिंगही वेगळं. काही पातळ लॅपटॉपमध्ये तर मेमरी बोर्डालाच जोडून टाकलेली असते, तिथे काढायला काहीच नाही. शिवाय नव्या विंडोजमध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट झालेली असते. तेव्हा रिकव्हरी की हाताशी नसेल तर केसिंग कितीही भारी असो, आतलं वाचता येत नाही. ही की आज, लॅपटॉप जिवंत असताना, लिहून ठेवा. वाटल्यास हा लेख इथेच थांबवून लिहा.

आमचा पाटा जुना, म्हणून सोपा. बॅटरी काढली, खालच्या झाकणाचे दोन स्क्रू फिरवले, डिस्क मागे सरकवून बाहेर काढली. तिच्या दोन्ही बाजूंना पत्र्याची चौकट होती, तिचे चार स्क्रू काढले. हातात राहिली तळहाताएवढी, सव्वाशे ग्रॅमच्या आसपासची वस्तू. पाचशे जीबी, साटा, साडेनऊ मिलिमीटर. आयबीएमनं १९५६ मध्ये जगातली पहिली हार्ड डिस्क आणली, तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून मावायचं सुमारे पाच एमबी. म्हणजे कपाटाएवढ्या त्या यंत्रात आजोबांचं पाच मिनिटांचं कीर्तन बसलं असतं. नमन आणि अभंगाचं पहिलं चरण, बस्स.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीतून केसिंग घेतलं. सातशे रुपये. स्क्रूशिवाय बसणारं, सरकतं झाकण, निळ्या तोंडाची यूएसबी थ्री. शनिवारी ते घेऊन आळंदी गाठली.

इनकमिंग इन्स्पेक्शन

आता आमच्या दादाची एन्ट्री. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. चाकण एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. रात्रपाळी करून सकाळी घरी आला होता. मी केसिंग फोडून डिस्क आत सरकवणार, तेवढ्यात ओरडला, "थांब! नवीन माल आला की डायरेक्ट लाइनवर घेतात का? आधी इनकमिंग इन्स्पेक्शन."

मला हसू आलं, पण पठ्ठ्याचं बरोबर होतं. केसिंगच्या आत एक चिमुकली चिप असते. डिस्कची साटा भाषा यूएसबीच्या भाषेत बदलणारी ती दुभाषी. दुभाषीच कच्चा निघाला तर? वायर सैल असली तर? पोर्ट पुरेशी वीज देत नसला तर? आणि या परीक्षेत आजोबांना कशाला बसवायचं?

दादाकडे त्याच्या जुन्या लॅपटॉपची एक रिकामी डिस्क होती. आधी तीच केसिंगमध्ये बसवली. तोंडाला तोंड लावून, किंचित तिरकी धरून, 'टक' आवाज येईपर्यंत. जोर करायचा नाही, कारण पिनांना सोडून बाकी सगळ्याला दुसरा चान्स असतो. निळा एलईडी लागला. मग चार जीबीचा एक सिनेमा त्यावर टाकला, परत काढला, आणि गेलेला व आलेला एकच आहे ना, ते तपासलं.

कसं? तर प्रत्येक फाइलीचा एक अंगठा काढता येतो. त्याला 'हॅश' म्हणतात. फाइल केवढीही असो, 'एसएचए-२५६' पद्धतीनं काढलेला अंगठा चौसष्ट अक्षरांचाच येतो. फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी अंगठा पार बदलतो. विंडोजमध्ये यासाठी 'सर्टयुटिल' ही कमांड आधीपासूनच असते, वेगळं काही घ्यावं लागत नाही. सिनेमाचे दोन्ही अंगठे जुळले. वेगही तपासला. यूएसबी टूच्या पोर्टवर सेकंदाला तीसेक एमबी, निळ्या यूएसबी थ्रीवर त्याच्या तिप्पट. अर्धा तास लावून ठेवलं, वायर थोडी हलवून बघितली, मध्येच डिस्कनेक्ट झालं नाही.

"ओके. पास," दादा म्हणाला आणि चहा घ्यायला गेला.

पिवळा दिवा

मग आजोबांची डिस्क आत गेली. केसिंग टेबलावर सपाट ठेवलं. फिरणाऱ्या डिस्कच्या तबकडीवर वाचणारी सुई काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते, त्यामुळे चालू डिस्क हातात घेऊन नाचायचं नसतं. सगळ्यांनी कान लावले. 'खट खट' असा लयीत आवाज आला असता तर तिथेच बंद करून, पैसे लागले तरी प्रयोगशाळेत पाठवायची, असं आमचं ठरलं होतं. तसा आवाज म्हणजे सुई किंवा आतलं यंत्र गेल्याची खूण, आणि त्या अवस्थेत डिस्क चालू ठेवणं म्हणजे जखमेवर चालणं. सुदैवानं फक्त हलकी घरघर आली. स्क्रीनवर ड्राइव्ह दिसले. मामानं हात जोडले.

इथे एक धोक्याची पाटी. अशा वेळी विंडोज कधीकधी अतिशय नम्रपणे विचारतं, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करू का? किंवा, इनिशिअलाइज करू का? उत्तर एकच, नाही. तिला डिस्क नीट वाचता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. आम्हाला हा प्रश्न आला नाही, नुसती परवानगीची चौकट आली. जुन्या युजरचं फोल्डर होतं, 'कंटिन्यू' म्हटल्यावर उघडलं.

पण फाइली दिसल्या म्हणून लगेच आत उडी मारायची नव्हती. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची वही ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. ती वाचायला 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे फुकट सॉफ्टवेअर लावलं. सगळीच केसिंग ही वही पुढे पोचवत नाहीत, आमच्या केसिंगनं पोचवली. आणि दिवा लागला पिवळा. 'कॉशन'.

वहीतली 'सी५' नावाची ओळ बिघडली होती. तिचा अर्थ, डिस्कला काही कप्पे वाचता येत नाहीयेत आणि त्यांचं काय करायचं ते तिनं अजून ठरवलेलं नाही. आकडा दिसत होता १८. हे सॉफ्टवेअर आकडे सोळाच्या पाढ्यात दाखवतं, म्हणजे आपल्या हिशेबात २४. पाचशे जीबीत अब्जाच्या जवळपास कप्पे असतात, त्यातले चोवीस. नगण्य! पण ते चोवीस कुठे आहेत, हे कुणाला माहीत? विंडोजच्या कुठल्या तरी फाइलीत, की गाथ्यावरच्या निरूपणाच्या मध्यात?

अशा आजारी डिस्कवर दुरुस्तीची औषधं लावायची नसतात. 'चेकडिस्क' नाही, डीफ्रॅग नाही, काही म्हणजे काही लिहायचं नाही. फक्त वाचायचं, आणि सगळ्यात मोलाचं ते आधी. नऊ जीबीचं ते एकच फोल्डर माझ्या लॅपटॉपवर घ्यायला 'रोबोकॉपी' लावलं. ही विंडोजमधलीच कमांड, भलती चिवट. फाइल वाचता आली नाही तर मुळात ती दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी तीस सेकंद थांबून. म्हणजे एका फाइलीसाठी जवळजवळ वर्षभर! तिला सांगावं लागतं, बाई, एकदा बघ आणि पुढे हो.

निरोगी डिस्कवर दोन मिनिटांत संपलं असतं ते काम दुपारी तीनला सुरू झालं आणि दिवेलागणीपर्यंत चाललं. एखाद्या फाइलीवर अडकायचं, घरघर वाढायची, मग पुढे सरकायचं. शेवटी हिशेब आला. २०१ फाइली आल्या, ११ राहिल्या.

मामी म्हणाली, "झालं की!"

"आल्या ना दोनशे? झालं की! आता जेवून घ्या," मामी म्हणाली. हिशेबानं ती बरोबर होती. घरात वर्षभर शून्य कीर्तनं होती, आता दोनशे एक फाइली होत्या.

"फायनल इन्स्पेक्शन बाकी आहे," दादानं आपलं चाकण सुरू केलं. "आल्या म्हणजे काय? बरोबर आल्या का?"

यावर मामानं जे सांगितलं, ते मी अजून विसरलेले नाही. ज्ञानेश्वरी पुरी झाली ती १२९० मध्ये. पुढे तीनशे वर्षं तिच्या हातानं प्रती होत राहिल्या. एकानं लिहायची, त्यावरून दुसऱ्यानं, त्यावरून तिसऱ्यानं. प्रती खूप झाल्या आणि पाठही वेगवेगळे झाले. कुठे शब्द बदलला, कुठे ओवी वाढली. मग एकनाथ महाराजांनी प्रती समोर ठेवून त्या ताडून पाहिल्या आणि १५८४ मध्ये शुद्ध प्रत तयार केली. शेवटी बजावूनही ठेवलं, की यात कुणी आपली ओवी घालू नये. (दादाच्या भाषेत, 'रीड ओन्ली'!) एकनाथ त्याआधी इथेच, आळंदीला आले होते. माउलींच्या गळ्याला अजानवृक्षाची मुळी लागली होती आणि ती काढायला स्वप्नात बोलावणं आलं, अशी कथा आहे.

"आणि गंमत बघ," मामा म्हणाला, "आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो भाद्रपद वद्य षष्ठीला. तो दिवस कुठला? नाथांनी प्रत शुद्ध केली तो."

म्हणजे ज्या ग्रंथाची गावागावात पारायणं होतात, त्याचा वाढदिवस आपण साजरा करतो तो व्हेरिफिकेशनच्या दिवशी! मला एकदम ती पिवळ्या दिव्याची डिस्क, ते केसिंग, ती वायर, सगळं जुन्या ओळखीचं वाटायला लागलं.

जेवून पुन्हा बसलो. राहिलेल्या अकरांसाठी 'जीएनयू डीडीरेस्क्यू' लावलं. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून ते वापरता येतं. फाइलींच्या भानगडीत न पडता ते अख्खी डिस्क कप्प्याकप्प्यानं वाचतं आणि तिची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर लिहितं. आमच्याकडे दादाची एक टीबीची पोर्टेबल होती. त्याची रीत परीक्षेतल्या हुशार पोरासारखी. सोपे प्रश्न आधी सोडवायचे, अवघड सोडून पुढे जायचं, मग त्यांच्याकडे परत यायचं. कुठपर्यंत आलो, ते एका नकाशात लिहून ठेवायचं. रात्री अडीचला लाइट गेली. लॅपटॉपला बॅटरी आणि केसिंग लॅपटॉपच्या विजेवर, त्यामुळे अंधारात तो निळा ठिपका तसाच लुकलुकत राहिला. आजी उठून बघून गेली. "चाललंय का?" "चाललंय." परत झोपली.

दहा सेकंद

रविवारी सकाळी 'सी५' चा आकडा २४ वरून ३१२ वर गेला होता. डिस्क मरणपंथाला लागली होती, हे उघडच होतं. पण तिची प्रत आली होती. न वाचता आलेले कप्पे ३१२, प्रत्येकी ५१२ बाइट. म्हणजे सगळा तोटा १५६ केबी.

त्या प्रतीतून फाइली काढल्या. आता आमच्याकडे २०१ फाइलींची दोन स्वतंत्र वाचनं होती, शनिवारचं आणि रात्रीचं. दोन्हींचे अंगठे काढून ताडून बघितले. दोनशे एकच्या दोनशे एक जुळले. अकरांपैकी आठ अख्ख्या आल्या. तिघींत भोकं होती. मामानं उतरवलेल्या दर्जात एका सेकंदाच्या आवाजाला साधारण सोळा हजार बाइट लागतात. म्हणजे १५९ तासांतून आमचे गेले सुमारे दहा सेकंद. दोन फाइलींत पाव-पाव सेकंद, नुसती उचकी लागल्यासारखी. आणि तिसरीत सलग साडेनऊ.

पण अंगठा जुळला म्हणजे प्रत मुळासारखी आहे, एवढंच कळतं. मूळ चांगलं होतं का, ते फक्त कान सांगतो. म्हणून स्पीकर लावला. प्रत्येक फाइलीची सुरुवात, मध्य, शेवट. पहिल्याच फाइलीत टाळ, मृदंग, माइकची शिट्टी, आणि मग एक आवाज आला. मला वाटलं होतं भारदस्त असेल. तो बारीक होता, थोडा नाकातला, आणि घाईघाईत हसणारा. माझी आई अशीच हसते.

आजी भिंतीला टेकून बसली होती. तिनं काही डोळे-बिळे पुसले नाहीत. "पेटी बेसूर आहे," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "आवाज वाढव."

दुपारी ती तिसरी फाइल लावली. दृष्टान्त रंगात आला होता आणि मध्येच आवाज तुटला. साडेनऊ सेकंद घरात फक्त पंख्याचा आवाज. मग आजोबा पुढच्या वाक्यावर. मी आजीकडे बघितलं. "इथं खोकले होते ते," ती म्हणाली. "त्या महिन्यात ताप होता अंगात, तरी गेले. पाणी दिलं कुणीतरी, मग पुढं बोलले."

खरंच खोकले होते का, आम्हाला कळायला मार्ग नव्हता. पण मामा उठला. त्याला आठवलं, की त्या सप्ताहात स्टेजजवळ त्याचा एकट्याचाच टेपरेकॉर्डर नव्हता. कर्ण्यासमोर पाच-सहा जणांनी आपापले ठेवले होते. परभणीकडचे एक माळकरी होते, ते तर दर वर्षी यायचे. डायरीतून नंबर शोधला, तो त्यांच्या मुलाचा लागला. कॅसेट आहेत, म्हणाला. पत्र्याच्या पेटीत. चालतात का माहीत नाही, बघून सांगतो.

एवढी वर्षं आम्ही समजत होतो, की आजोबांची एकच प्रत उरलीय, आणि ती आमच्याकडे आहे. ऐकणारे ती केव्हाच आपापल्या घरी घेऊन गेले होते.

प्रत कुठे ठेवायची?

या सगळ्याला कॉम्प्युटरवाल्यांचा एक नियम आहे, ३-२-१. पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरमुळे तो जगभर पसरला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, आणि त्यातली एक घराबाहेर. आळंदीत हे फार समजावून सांगावं लागत नाही. इंद्रायणीला पूर आला की घाट पाण्याखाली जातो. आणि वरच्या अंगाला देहू. तुकोबांच्या वह्या याच नदीत तेरा दिवस राहून कोरड्या वर आल्या, असं परंपरा सांगते. ते तुकोबा होते. शिवाय त्यांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडेही होते, चाकणचे. "आमच्या चाकणचे!" दादा दर वेळी आठवण करून देतो. आपल्यासारख्यांनी आपली दुसरी प्रत आधीच काढलेली बरी.

तर आता एक प्रत मामाच्या कॉम्प्युटरवर. दुसरी नव्या डिस्कवर, त्याच सातशे रुपयांच्या केसिंगमध्ये, ती माझ्याकडे वाकडला. तिसरी क्लाउडवर. प्रत्येकीबरोबर एक छोटी टेक्स्ट फाइल, तिच्यात २१२ अंगठे. त्या तीन भोकांच्या फाइलींची नावं वेगळी लिहिली आहेत आणि पुढे भोक नेमकं कितव्या मिनिटाला आहे तेही. भोक भरून काढायला कुणी आपली ओवी घालायची नाही, असं ठरलंय. परभणीहून काही आलं, तर तेच तिथे जाईल.

जुनी डिस्क मामीनं फेकू दिली नाही. ती देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे. असू दे. तिच्यावर आता कशाची भिस्त नाही.

राहिला एक प्रश्न. हे अंगठे पुन्हा तपासायचे कधी? डिस्क सांगून मरत नाही, केसिंगची वायर सैल होते, क्लाउडचा पासवर्ड विसरतो. वर्षातून एकदा तरी सगळ्या प्रती काढून ताडून बघायला हव्यात. १ जानेवारी, असं मी सुचवलं. दादा म्हणाला, कंपनीचं ऑडिट मार्चमध्ये असतं, तेव्हाच करू. मामानं आमच्या दोघांकडे बघितलं, भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, पानं उलटत भाद्रपदावर आला आणि वद्य षष्ठीच्या चौकोनात पेनानं लिहिलं, 'आजोबा – तपासणे'.